इंग्लंडमधील प्रौढांची गृहसेवा

वार्धक्य, आजार किंवा अपंगत्व यांमुळे ज्या प्रौढ व्यक्तींना रोजचे व्यवहार एकट्याने जमत नाहीत, त्यांना स्वतःच्या घरीच राहता यावे म्हणून इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिल जी मदत मिळवून देते, ती गृहसेवा होय. अंथरुणातून उठवणे, अंघोळ घालणे, कपडे घालणे, शौचास नेणे, जेवू घालणे आणि औषधे वेळेवर घ्यायला लावणे ही तिच्यातील मुख्य कामे. जखमेची मलमपट्टी किंवा इंजेक्शन यांसारखी परिचारिकेची कामे राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे असतात. ही सीमारेषा कुटुंबांना फार जाचते, कारण आरोग्यसेवा मोफत असते, तर गृहसेवेचे पैसे ऐपत पाहून आकारले जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतरची काही दशके ही मदत प्रामुख्याने कौन्सिलचे पगारी कर्मचारी घरोघर जाऊन करीत. १९९० चा राष्ट्रीय आरोग्य सेवा व सामुदायिक काळजी कायदा एप्रिल १९९३ मध्ये पूर्णपणे अंमलात आला, तेव्हापासून कौन्सिलची भूमिका बदलत गेली. गरज तपासायची, पैशाची तरतूद करायची आणि प्रत्यक्ष सेवा खाजगी कंपन्यांकडून किंवा धर्मादाय संस्थांकडून विकत घ्यायची, अशी ही पद्धत आहे. आज बहुतांश गृहसेवा याच मार्गाने दिली जाते.

सध्याचा आधार म्हणजे २०१४ चा केअर अ‍ॅक्ट; त्यातील मुख्य तरतुदी १ एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या. ज्या कोणाला मदतीची गरज असावी असे दिसते, त्याच्या गरजेची तपासणी करणे हे या कायद्याने कौन्सिलचे कर्तव्य ठरवले आहे. त्या व्यक्तीची मिळकत किती, हा प्रश्न या टप्प्यावर गैरलागू असतो. तिची काळजी घेणाऱ्या पत्नीला, मुलाला किंवा शेजाऱ्यालाही स्वतःच्या गरजांची वेगळी तपासणी मागता येते. वर्षानुवर्षे गृहीत धरल्या गेलेल्या या माणसांची कायद्याने घेतलेली दखल मोलाची आहे. पात्रतेसाठी खाणेपिणे, स्वच्छता, घरातील सुरक्षितता, नातेसंबंध, शिक्षण किंवा नोकरी अशा दहा बाबी पाहिल्या जातात. शारीरिक वा मानसिक कारणाने त्यांपैकी किमान दोन साध्य होत नसतील आणि त्याचा व्यक्तीच्या स्वास्थ्यावर लक्षणीय परिणाम होत असेल, तर ती गरज पात्र ठरते.

त्यानंतर लेखी योजना तयार होते आणि तिच्यासाठी लागणारी रक्कम ‘वैयक्तिक अंदाजपत्रक’ म्हणून ठरते. ती कौन्सिलने परस्पर खर्च करावी किंवा थेट आपल्या हाती द्यावी, असे दोन मुख्य मार्ग असतात. थेट रक्कम घेतल्यास आपल्या पसंतीचा मदतनीस नेमता येतो. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली इंग्रजी मागे पडून मातृभाषाच उरते, असे अनेकदा घडते. अशा मराठी आजीआजोबांसाठी मराठी बोलणारा आणि त्यांचे जेवण रांधणारा माणूस ठेवण्याची वाट या तरतुदीने मोकळी होते. मात्र एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला त्यातून काळजीचा मोबदला देता येत नाही. कौन्सिलला ते आवश्यक वाटले तरच अपवाद होतो.

कौन्सिलने सेवा घेतली, तर सहसा आधीच करारबद्ध केलेल्या कंपन्यांना गरजेचा तपशील कळवला जातो आणि ज्या कंपनीकडे त्या भागात माणसे मोकळी असतील ती काम स्वीकारते. या व्यवस्थेचे खरे दुखणे इथेच आहे. दर तासाला ठरतो, पण भेट मिनिटांत मोजली जाते. पंधरा मिनिटांत एखाद्या थकलेल्या माणसाला उठवून, धुऊन, न्याहारी देऊन निघायचे म्हणजे दोन शब्द बोलायलाही उसंत नाही. अर्ध्या तासाहून लहान भेटी मोजक्याच परिस्थितीत असाव्यात, असे आरोग्य व काळजीसेवेबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये सुचवले; तरी आखडत्या अंदाजपत्रकांमुळे अशा भेटी संपल्या नाहीत. दोन घरांमधल्या प्रवासाच्या वेळेचा मोबदला न मिळाल्याने कर्मचारी टिकत नाहीत आणि रोज नवा चेहरा दारात उभा राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये परदेशी काळजीसेवकांना व्हिसा खुला झाला आणि भारतातूनही अनेक जण गेले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंद करण्यात आली.

आकारणीत बचत आणि उत्पन्न धरले जाते. गृहसेवेसाठी राहत्या घराची किंमत धरली जात नाही. २३,२५० पौंडांहून अधिक बचत असणाऱ्याला सहसा पूर्ण खर्च सोसावा लागतो आणि १४,२५० पौंडांखालील बचत हिशेबात येत नाही. या मर्यादा २०१० पासून तशाच राहिल्याने महागाईत त्या प्रत्यक्षात कडक होत गेल्या आहेत. रुग्णालयातून परतलेल्यांना पुन्हा स्वावलंबी करणारी अल्पकालीन सेवा सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते.

सेवा देणाऱ्या कंपन्यांची नोंदणी व तपासणी केअर क्वालिटी कमिशन करते. २०२३ पासून कौन्सिलांचे कामही ते तपासते. कौन्सिलकडे तक्रार करूनही समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे दाद मागता येते. स्कॉटलंडमध्ये गरज सिद्ध झाल्यास वैयक्तिक काळजी मोफत आहे, वेल्समध्ये गृहसेवेच्या साप्ताहिक आकारणीवर कमाल मर्यादा आहे आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे काम कौन्सिलांऐवजी आरोग्य व समाजसेवा न्यासांकडे आहे.