सेरिटॉसची टक्कर: रडारवर ठिपका होता, उंची नव्हती

३१ ऑगस्ट १९८६, रविवार, दुपारचे बारा वाजायला आठेक मिनिटं. तिहुआनाहून लॉस एंजेलिसला चाललेलं एरोमेक्सिकोचं डीसी-९ हे प्रवासी विमान उतरायच्या तयारीत होतं आणि टॉरन्सहून बिग बेअरला निघालेलं छोटं पायपर साधारण साडेसहा हजार फुटांवर त्याच्या शेपटीला धडकलं. खाली लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटॉसची वस्ती. डीसी-९ घरांवर कोसळलं, पायपर शाळेच्या मैदानात पडलं, सुट्टी होती म्हणून तिथे पोरं नव्हती. विमानातले ६४, पायपरमधले ३ आणि जमिनीवरचे १५, एकूण ८२ जीव गेले.

पायपर परवानगी न घेता मोठ्या विमानांसाठी राखलेल्या हद्दीत शिरलं होतं हे खरंच, पण नुसता त्या पायलटवर ठपका ठेवून मोकळं होणं मला पटत नाही. त्याचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारं विमानातलं यंत्र, उंची सांगणारा नव्हता, म्हणजे रडारवर ठिपका दिसला तरी तो हजार फुटांवर आहे की सात हजारांवर हे कळायला मार्गच नाही, त्यात जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर त्याच वेळी असंच हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या एका छोट्या विमानाशी बोलत होता. चौकशीतही मुख्य बोट ट्रॅफिक कंट्रोलच्या मर्यादांकडेच दाखवलं गेलं.

मुळात सगळी भिस्त होती 'सी अँड अव्हॉइड'वर, म्हणजे पायलटने बाहेर बघायचं आणि चुकवायचं. पण टक्कर होणार असेल तर समोरचं विमान काचेवर सरकतच नाही, एकाच जागी डागासारखं चिकटून राहतं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं, आणि न हलणारी गोष्ट डोळ्यात भरत नाही. १९७८ ला सॅन दिएगोत पीएसए या विमान कंपनीच्या बोइंग ७२७ ला खालच्या छोट्या सेसना विमानाबद्दल सांगितलेलं होतं, पायलटनी दिसलं म्हणून कळवलंही, नंतर ते नजरेतून सुटलं आणि १४४ माणसं गेली. म्हणजे आठ वर्षं आधीच कळलं होतं की डोळे पुरत नाहीत!

आणि उपाय काय नव्यानं शोधायचा होता असं नाही. १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं धडकून १२८ जण गेले, त्यानंतर एफएए ही अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था उभी राहिली आणि धोक्याची सूचना विमानातच देणाऱ्या यंत्रावर काम सुरू झालं, ते पुढे टीकॅस झालं. ते समोरच्याच्या ट्रान्सपाँडरला विचारतं, किती सेकंदात गाठ पडेल याचा हिशोब करतं आणि पायलटला वर जा किंवा खाली जा असं बोलून सांगतं. पण सक्तीचा कायदा आला तो सेरिटॉसनंतर, १९८७ ला, ३० पेक्षा जास्त सीटच्या विमानांसाठी. गजबजलेल्या विमानतळांभोवती छोट्या विमानांनाही उंची सांगणारा ट्रान्सपाँडर लावावा लागला.

आपल्याकडे टीकॅसची सक्ती व्हायला १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर घडावी लागली, ३४९ माणसं गेल्यावर.