पेटी उघडण्याआधी दहा मिनिटं

ताई, सर, नमस्कार.

आमच्याकडची साहित्यपेटी तुमच्या वर्गात पोचली, की आमचं निम्मंच काम झालेलं असतं. ठाण्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही पहिली ते चौथीसाठी मणीमाळा, काड्यांचे गठ्ठे, अक्षरकार्डं आणि अपूर्णांकांच्या चकत्या तयार करतो. एका शाळेत पेटी दिल्यावर वर्षभराने सहज चौकशीला गेलो होतो. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. मुलांनी मणी हरवले तर हिशेब बाईंनाच द्यावा लागला असता, म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती. त्यांना बोल लावावासा वाटला नाही, पण घरी येईपर्यंत जीव हळहळत राहिला. तेव्हापासून प्रत्येक पेटीत आम्ही वीस मणी आणि दहा काड्या जास्तीच्या घालतो. त्या हरवण्यासाठीच आहेत. आणखी हरवल्या तर कळवा, सुटे भाग आम्ही फुकट देतो.

मणीमाळ आणि गठ्ठे

माळेत १०० मणी आहेत, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. एका मुलाला कपड्यांचा चिमटा द्या आणि ३४व्या मण्यापाशी लावायला सांगा. पहिल्या दिवशी ते एकेक मणी मोजत जाईल. मोजू द्या. काही दिवसांनी तेच मूल तीन पट्टे झपकन ओलांडेल आणि पुढचे चारच मणी मोजेल. ही युक्ती आपण सांगायची घाई केली, तर मुलाच्या हातून काहीतरी मोलाचं निसटतं.

मराठी मुलांची एक खास अडचण आहे, आणि आमच्या पेटीतला सगळ्यात जास्त विचार तिच्यावर झाला आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. पंचवीस ऐकून ५२ लिहिणाऱ्या मुलाने कानावर पडलं तसंच लिहिलेलं असतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. आमचं मत असं, की दोन्ही नावं वर्गात नांदू द्यावीत. मुलाने आधी दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडाव्यात, ‘वीस आणि पाच’ म्हणावं, मग ‘पंचवीस’ म्हणावं आणि शेवटी लिहावं. हात, तोंड, पेन्सिल, हा क्रम मोडू नका.

एकोणतीसचं कोडं तर गठ्ठ्यांनीच सुटतं. तीन गठ्ठे समोर ठेवा. तिसऱ्याचं रबर सोडा, एक काडी उचला आणि मुठीत लपवा. तिसाला एक उणी, म्हणून एकोणतीस. यानंतर एकोणचाळीस आणि एकोणपन्नास मुलं आपणहून करून दाखवतात. मग कुणीतरी विचारतंच, ‘बाई, नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?’ असा प्रश्न आला की त्या दिवसाचा तास सार्थकी लागला असं समजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का करण्याच्या अभियानाच्या लक्ष्यांमध्ये पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं धरलेलं आहे. नुसत्या पाठांतराने तिथवर पोचणारी मुलं दुसरीत हातच्याच्या बेरजेला अडतात, कारण दहाचा गठ्ठा त्यांनी कधी बांधलेला किंवा सोडलेला नसतो.

अक्षरकार्डं

पहिल्या पाकिटात ग, म, भ, न आणि काना एवढंच आहे. ‘अ’पासून का नाही, असं पालक विचारतात. एवढ्या चार अक्षरांत आणि एका कान्यात मन, नाग, मान, भाग, मामा, नाना, गगन असे शब्द तयार होतात, म्हणजे मूल पहिल्याच आठवड्यात काहीतरी खरं वाचतं. हे पाकीट मुरल्याशिवाय दुसरं उघडू नका.

गाडी कळव्याला आली

स्टेशनांच्या नावांच्या पाट्या आम्ही मुद्दाम ठाण्यातल्या मुलांसाठी केल्या आहेत. बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी निघालेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यालाच आली होती, त्यामुळे मुलांना हा खेळ आपल्या घरचा वाटतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली अशा पाट्या घेऊन सहा मुलं ओळीत उभी राहतात आणि बाकीची गाडी होऊन येतात. ‘मुंब्र्याच्या आधी कोण? दिवा आणि डोंबिवलीच्या मधे कोण?’ आधी, नंतर, मधे हे शब्द पायांनी शिकले जातात. ‘दिवा’ची पाटी धरणारं मूल हमखास हसतं. नवी मुंबईच्या शाळांना ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असा वेगळा संच मिळतो. कोपरखैरणे हे लांबलचक नाव मात्र सगळ्यात शेवटी वाचायला द्या.

आमच्याकडून विकत घेऊ नका

तागडी विकत घेऊ नका. हँगरच्या दोन टोकांना सुतळीने दोन सारख्या वाट्या बांधल्या की झालं. चिंचोके, शंख-शिंपले, बाटल्यांची झाकणं मुलांनाच गोळा करू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आजूबाजूला मिळणाऱ्या अशाच वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. तो भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आम्ही धंदा करतो, पण जे अंगणात मिळतं त्याचे पैसे शाळेकडून घ्यायला आमचं मन होत नाही.

वर्गात वाटताना

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे, त्या हिशेबाने पेटीत पाच-पाच मुलांसाठी सहा संच आहेत. वर्गात मुलं जास्त असतील तर निम्म्यांना संच द्या आणि निम्म्यांना वहीचं काम, मग अदलाबदल. सगळ्यांना एकदम वाटलं की गोंधळ होतो आणि पुढच्या वेळी पेटी काढायचा आपलाच धीर होत नाही.

सूचना आधी, साहित्य नंतर. आणि हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं मुलांना काहीही करू द्या. ती काड्यांची घरं बांधतील, माळ गळ्यात घालतील. ही पाच मिनिटं वाचवायला गेलात तर पुढचा अर्धा तास ‘काड्या खाली ठेवा’ म्हणण्यात जातो.

झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या वस्तूंचं चित्र चिकटवलेलं आहे. आठवड्याला एक पेटीप्रमुख नेमा, चित्र बघून तोच भरेल.

पावसाळा

इथल्या दमट हवेत पुठ्ठा फुगतो, म्हणून कार्डं लॅमिनेट केलेली आहेत आणि कडेला थोडं प्लास्टिक सोडलेलं आहे. ती कड कापू नका, तिथूनच पाणी शिरतं. ओली झाली तर सावलीत पसरा, उन्हात वाकतात. साधं रबर चिकट होऊन तुटतं, त्यामुळे गठ्ठ्यांना सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या दिल्या आहेत.

पेटी घ्यायची की नाही हे ठरत नसेल, तर पंधरा दिवस वापरायला न्या. परत करताना पुसून आणू नका. कुठली वस्तू जास्त मळली आणि कुठली कोरी राहिली, ते बघूनच आम्ही पुढची पेटी बनवतो.