बंदिस्त वायूतील अवरक्त शोषणाचे सदृशीकरण

बंद पात्रातील वायूमधून अवरक्त प्रारण (इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्या प्रकाशापेक्षा जास्त तरंगलांबीचे अदृश्य किरण) जाताना त्याचा किती भाग कोणत्या तरंगलांबीला शोषला जाईल आणि वायू त्यामुळे किती तापेल, हे गणिती प्रतिमानाने काढण्याची पद्धत म्हणजे हे सदृशीकरण (सिम्युलेशन) होय. भट्ट्यांचा आराखडा, वायुविश्लेषक उपकरणे व वातावरणविज्ञान यांत तिचा उपयोग होतो.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये पितळी नळीत वायू भरून हे शोषण प्रत्यक्ष मोजले. काच दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त प्रारण अडवते, म्हणून नळीची तोंडे त्यांनी सैंधवाच्या (खनिज मिठाच्या) चकत्यांनी बंद केली होती. नायट्रोजन व ऑक्सिजन हे प्रारण जवळजवळ शोषत नाहीत. कार्बन डायऑक्साइड मात्र ४.३ आणि १५ मायक्रोमीटरच्या आसपास ते जोमाने शोषतो.

एकाच तरंगलांबीच्या प्रारणाची तीव्रता अंतरानुसार घातांकी नियमाने, म्हणजे दर समान अंतराला समान प्रमाणात, घटते. हा नियम अनेक तरंगलांबींच्या सगळ्या पट्ट्याला सरासरी शोषणांक (शोषणाची क्षमता दाखवणारा आकडा) घेऊन लावणे ही यातली सर्वांत घातक चूक होय. समजा, निम्म्या तरंगलांबींना वायू पूर्ण अपारदर्शक व उरलेल्यांना पूर्ण पारदर्शक आहे. तर मार्ग दुप्पट केला तरी निम्मे प्रारण पार जातेच. सरासरीचे गणित मात्र ते आणखी घटल्याचे दाखवते. म्हणूनच काटेकोर गणनेत हायट्रॅनसारख्या वायूंच्या शोषणाच्या माहितीसंचातून एकेक वर्णरेषा (वायू शोषतो ती अरुंद तरंगलांबी) घेतात आणि दाब व तापमान यांनुसार तिची रुंदी ठरवतात.

शोषण मांडून उत्सर्जन वगळले, तर संगणकातला वायू तापतच राहतो. नेहमीच्या दाबाला उत्तेजित (प्रारण शोषून ऊर्जा वाढलेला) रेणू बहुधा प्रारण सोडण्याआधीच शेजारच्या रेणूंवर आदळतो व ती ऊर्जा सगळ्या वायूत वाटली जाते. हा वायू मग आपल्या तापमानानुसार त्याच तरंगलांबींना प्रारण सोडतो. भिंतींचे उत्सर्जन व परावर्तन हेही हिशेबात धरावे लागते. किरणांचे मार्ग निरनिराळ्या लांबीचे असल्याने अभियंते ढोबळ गणनेसाठी घनफळाला पृष्ठफळाने भागून ३.६ ने गुणतात. १ मीटर बाजूच्या घनाकृती पेटीसाठी हा सरासरी मार्ग ०.६ मीटर येतो. अधिक अचूकतेसाठी माँटे कार्लो या यादृच्छिक संख्या वापरणाऱ्या पद्धतीने असंख्य किरणांचा यादृच्छिक माग काढतात.

काचेच्या बरणीत कार्बन डायऑक्साइड भरून दिव्याखाली तापवण्याचा शालेय प्रयोग या प्रतिमानात उतरवताना काचेने स्वतः शोषलेली उष्णता आणि वायूची घनता बदलल्याने मंदावणारे अभिसरण (वायूच्या हालचालीने होणारे उष्णतेचे वहन), दोन्ही वेगळी मांडावीत. तापमानातील फरकाचा मोठा वाटा त्यांचाच असू शकतो.