एडीएचडीवरील औषधे आणि स्वतःवरचा ताबा

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकारावर, म्हणजे एडीएचडीवर, औषध सुरू झाल्यानंतर माणसाला आपल्या वागण्यावरचा ताबा कसा जाणवतो आणि त्याचे श्रेय तो कोणाला देतो, हा या नोंदीचा विषय आहे. सातारा-सांगलीकडे अशा मुलाला वांड, धांदरट किंवा ‘हुशार हाय, पण ध्यान नसतं’ म्हणतात; मोठ्या माणसाला सरळ आळशी. ‘मनावर घेतलं तर काय अवघड आहे?’ हा प्रश्न त्याला बालवाडीपासून नोकरीपर्यंत ऐकावा लागतो. मनावर त्याने घेतलेलेच असते. मनावर घेणे आणि हात चालणे यांच्यामधला सांधा वेळेवर जुळत नाही, आणि औषध काम करते ते त्या सांध्यावर.

सर्वाधिक वापरले जाणारे मिथिलफेनिडेट हे औषध मेंदूतील पेशींच्या फटीत सुटलेली डोपामाइन आणि नॉरएड्रेनालिन ही संदेशवाहक द्रव्ये परत शोषली जाण्याची वाट अडवते. त्यामुळे कपाळामागच्या भागात, जिथे बेत आखले जातात आणि ऊर्मी थोपवली जाते, ही द्रव्ये जास्त वेळ टिकतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निरोगी प्रौढांना गणिते सोडवायला देऊन पाहिले. मिथिलफेनिडेट घेतल्यावर त्यांना गणिते अधिक रंजक वाटली. ताब्याची जाणीव समजून घ्यायला हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गोळीने निग्रह वाढला. आतून मात्र हातातले काम पूर्वीइतके नकोसे वाटत नाही, म्हणून निग्रह कमी लागतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर बसणारा हिशेबनीस डोळ्यांसमोर आणावा. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेब, लिहिताना पोती, वजन, दर, मग हमाली, तोलाई अशी वजावट ओळीने घ्यायची असते. तोलाईच्या रकान्यावर असताना फोन वाजतो. तो उचलतो, बोलत बोलत दारापर्यंत जातो, परत येतो तेव्हा पट्टी पूर्ण झाली असे समजून खाली बेरीज मारतो. गोळीचा अंमल असताना फोन तसाच वाजतो, हातही तिकडे जातो. पण हात जाणे आणि फोन उचलणे यांच्यामध्ये आता क्षणभर जागा असते. ‘एवढी ओळ होऊ दे’ हा विचार त्या जागेत मावतो. बहुतेक जण ताबा म्हणतात तो हाच. ओळ पुरी करायची की फोन घ्यायचा, हे गोळी ठरवत नाही. ठरवण्याइतका अवकाश देते.

इतिहास थोडक्यात. अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये वर्तनसमस्या असलेल्या मुलांना बेंझेड्रीन हे अॅम्फेटामिन गटातले उत्तेजक औषध देऊन त्यांच्या शाळेतील कामात सुधारणा झाल्याची नोंद केली. मिथिलफेनिडेट १९४४ मध्ये तयार झाले आणि पुढच्या दशकात बाजारात आले. एडीएचडीवरच्याच अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

मात्रा आणि वेळ : साधी मिथिलफेनिडेट गोळी बहुधा ५ मिग्रॅपासून सुरू करून दर आठवड्याला ५ ते १० मिग्रॅने वाढवतात, दिवसाची कमाल मर्यादा साधारणतः ६० मिग्रॅ. ती अर्ध्या-पाऊण तासात लागू होते आणि तीन ते पाच तासांत उतरते. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराचा अंमल आठ ते बारा तास राहतो. ती गोळी चावू किंवा कुटू नये, नाहीतर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. अॅटोमॉक्सेटिन हे मिथिलफेनिडेटसारखे उत्तेजक नाही. मुलांत ते वजनाच्या किलोमागे ०.५ मिग्रॅपासून सुरू करून १.२ मिग्रॅपर्यंत नेतात, म्हणजे ३० किलोच्या मुलाला सुमारे १५ वरून ३६ मिग्रॅपर्यंत. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ते बंद करणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्यावर असलेल्या मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, याकडे विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे.

औषधाची वेळ चुकली की ताब्याबद्दलचा समजही चुकतो. जावळी किंवा पाटणच्या डोंगरातल्या मुलाला एसटी गाठायची म्हणून साडेसातला साधी गोळी दिली आणि शाळा साडेदहाला भरत असेल, तर पहिला तास संपेपर्यंत गोळी उतरणीला लागलेली असते. गुरुजी म्हणतात, फरक नाही. मुलगा मनात म्हणतो, गोळी घेऊनही मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे. दोघांचेही निदान चुकते. चुकलेले असते ते घड्याळ. गोळी शाळेत शिरण्यापूर्वी अर्धा तास आणि दुसरी, डॉक्टरांनी सांगितली असेल तर, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या हातून दिली की चित्र पालटते. चार वाजल्यानंतर दिली तर झोप उडते. भूक मरते, म्हणून दुपारचा डबा जवळपास तसाच परत येतो. त्यावर रागावण्यापेक्षा गोळीआधी भाकरी-उसळ आणि दूध असे भरपेट खाऊ घालावे आणि रात्री भूक परतते तेव्हा पुन्हा वाढावे. नाडी आणि रक्तदाब सुरुवातीला आणि मात्रा वाढवताना मोजतात, मुलांची उंची-वजन दर सहा महिन्यांनी. घरात कोणाला तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू आला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

ताबा बिघडवणाऱ्या तीन गोष्टी अनुभवाला येतात. पहिली, गोळी उतरतानाची चिडचिड. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास मूल रडवेले, हट्टी होते, आणि आईवडिलांच्या वाट्याला नेमके हेच दोन तास येतात. शाळेतले शांत मूल त्यांना दिसतच नाही. हा वेळ खेळायला सोडावा, गृहपाठ त्यात घालू नये. दुसरी, जास्त झालेली मात्रा. मूल गप्प-गप्प राहते, हसणे कमी होते, एका जागी खिळते. पाहुणे ‘किती शहाणा झाला’ म्हणून कौतुक करतात, पण तो संयम नव्हे. मूल स्वतःच ‘मी मीच नाही असं वाटतं’ म्हणत असेल तर ते गांभीर्याने घ्यावे आणि डॉक्टरांकरवी मात्रा उतरवून घ्यावी. तिसरी गोष्ट मोठ्यांची. गोळी लागू होताना जे हातात असते त्यालाच लक्ष चिकटते. साताऱ्याच्या अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेला बसलेला मुलगा आठला गोळी घेऊन मोबाइल उघडून बसला, तर साडेअकरापर्यंत तो अतिशय एकाग्रतेने मोबाइलच पाहील. म्हणून पुस्तक उघडून, पान काढून, पेन हातात घेऊन मग गोळी घ्यावी.

विकार नसताना अभ्यासासाठी ही औषधे मागणारेही भेटतात. निरोगी तरुणांना अॅम्फेटामिन क्षारांचे मिश्रण देऊन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाचण्यांतील कामगिरी एकंदरीत सुधारली नाही. ती सुधारली असे मात्र त्या तरुणांना वाटले. म्हणजे ताब्याची भावना आणि खरा ताबा हे वेगळे वाढू शकतात. विकार असलेल्यांनीही म्हणून स्वतःच्या वाटण्यावरच विसंबू नये. मोजता येतील अशा दोन-तीन गोष्टी (चुकलेल्या पट्ट्या, उशिरा गेलेले दिवस, अर्धवट राहिलेली पाने) महिनाभर वहीत लिहून तपासणीला न्याव्यात, आणि सोबत घरातले कोणी असावे.

श्रेयाचा प्रश्न नाजूक आहे. गोळीमुळे मुलांचा स्वतःच्या प्रयत्नांवरचा विश्वास उडेल, अशी भीती पूर्वीपासून आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पेलहॅम आणि सहकाऱ्यांच्या १९९२ मधील अभ्यासात मात्र बहुतेक मुलांनी यशाचे श्रेय गोळीला न देता आपल्या प्रयत्नांना दिले. नुकसान होते ते घरातल्या एका वाक्याने : ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ मूल रागावण्याला खरे कारण असले, तरी या वाक्याने ते कारण पुसले जाते आणि चांगले वागणे गोळीचे, वाईट वागणे त्याचे, असा हिशेब घरात रूढ होतो. गोळीची आठवण सकाळी करावी. भांडणात तिचे नाव काढू नये.

तिशी-चाळिशीत निदान झालेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत आनंदाबरोबर दुःखही होते. इतरांना हे रोज इतके सोपे जाते, हे त्यांना पहिल्यांदाच कळते, आणि वर्षानुवर्षे खाल्लेले बोल आठवतात. हे दुःख औषधाचा दुष्परिणाम नाही. त्याबद्दल बोलायला समुपदेशक असला तर बरे, नसला तर बहीण किंवा मित्रही चालतो.

मिथिलफेनिडेट मिळवणे जिल्ह्याच्या ठिकाणीही जिकिरीचे असते. ते औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत, आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे. दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते; एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपतो. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवर किंवा व्हिडिओवर हे औषध लिहून देता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष बसावेच लागते. म्हणून साठा संपण्याच्या आठ दिवस आधी फेरी ठरवावी आणि निघण्यापूर्वी दुकानात माल आहे का ते विचारावे. अचानक खंड पडला की माणूस त्याचा अर्थ ‘मी परत पहिल्यासारखा झालो’ असा लावतो आणि हाय खातो. खरे तर साधी गोळी त्याच दिवशी उतरलेली असते, इतकेच.

वर्षातून एकदा डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवून अजून लागते का ते पाहतात. त्यासाठी दिवाळीची सुट्टी किंवा गावच्या यात्रेचे दिवस निवडू नयेत. त्या दिवसांत कोणालाच वेळापत्रक नसते आणि फरक कळत नाही. परीक्षेचा महिनाही नको. शाळा नेहमीसारखी भरते असे जुलै-ऑगस्टमधले दोन साधे आठवडे घ्यावेत, आणि वर्गशिक्षकांना औषध कोणत्या आठवड्यात बंद आहे ते न सांगता फक्त त्यांची निरीक्षणे मागावीत.