शिल्लक : चार

लावणीच्या दिवसांत बांधावरून चालताना पाय घोणसीवर पडतो. दंशाच्या जागी आग होते, सूज चढत जाते. दवाखान्यात डॉक्टर नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात आणि नळी २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग तिरकी करून बघतात. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं ओघळलं, तर विष भिनलेलं आहे. या चाचणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पुढे जे लागतं ते मात्र कपाटात असावं लागतं.

गावाकडे त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. खरं तर ती लस नव्हे, प्रतिविष. आणि त्याचा हिशेब डोळ्यांसमोर मांडून बघावा असा आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. आपल्याकडच्या प्रतिविषाचा एक मिलिलिटर तिचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो; म्हणजे दहा मिलिलिटरची एक कुपी सहा मिलिग्रॅम. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते, आणि सहा तासांनीही रक्त गोठत नसेल तर आणखी द्याव्या लागतात. रुग्ण चार वर्षांचा असला तरी डोस तेवढाच. साप काही वजन बघून विष सोडत नाही.

आता प्राथमिक आरोग्य केंद्राची साठा नोंदवही उघडा. समजा तिथे लिहिलंय, ‘शिल्लक : ४’. जिल्ह्याच्या अहवालात हे केंद्र ‘औषध उपलब्ध’ या रकान्यात जातं. पण चार कुप्यांत एका माणसाचा पहिला डोसही पुरा होत नाही. माझ्या मते हा तुटवडाच आहे, फक्त कागदावर तो दिसत नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. मग हवं तेवढं प्रतिविष बनवत का नाहीत? कारण ते घोड्याच्या रक्तात बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं, वाढत्या मात्रेत काही महिने टोचतात. त्याच्या रक्तात तयार झालेली, विष निकामी करणारी प्रतिपिंडं वेगळी काढून शुद्ध करतात आणि बहुतेकदा गोठवून सुकवतात. ही पांढरी भुकटी फ्रिजविनाही टिकते, ही त्यातल्या त्यात सोय. पण जुलैत मागणी वाढली म्हणून जुलैत उत्पादन वाढत नाही. शिवाय लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाची सहकारी संस्था पुरवते. तिथल्या सापांच्या विषावर बेतलेलं औषध दूरच्या प्रदेशातल्या सापांवर कमी पडतं, असं संशोधकांना आढळलंय. म्हणजे तिकडे कुप्या आणखी जास्त लागणार.

तरीही खरी मेख खरेदीत आहे. औषधांची मागणी बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या खपावरून ठरते. केंद्रात प्रतिविष नव्हतं, म्हणून रुग्ण वर, मोठ्या रुग्णालयात पाठवला. रुग्ण तिकडे गेला, म्हणून खप शून्य. खप शून्य, म्हणून यंदाही मागणी नाही. गणित बिनचूक, आणि उत्तर दरवर्षी चूक. तमिळनाडूने १९९४मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं उभारली आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिलं. आपल्या वाट्याच्या रकमेत काय उचलायचं ते दवाखाना ठरवतो. मला त्यातलं पासबुक सगळ्यात आवडतं: बँकेसारखं, कोणालाही कळेल असं. पण जे मागितलं आणि मिळालं नाही, ते पासबुकातही आपोआप उमटत नाही.

त्यासाठी नोंदवहीत आणखी एक रकाना हवा: औषध नाही म्हणून किती जणांना वर पाठवलं? सध्या १०८च्या गाडीत रुग्णासोबत जी चिठ्ठी जाते, तिच्यावर कारण लिहिलेलं असतं, ‘पुढील उपचारांसाठी’.