लॉर्ड डलहौसी आणि रॅम्झी घराणं

जेम्स अँड्रू ब्राउन-रॅम्झी (२२ एप्रिल १८१२ – १९ डिसेंबर १८६०) म्हणजे शाळेच्या इतिहासात संस्थानं खालसा करणारा म्हणून भेटतो तोच डलहौसी. पण डलहौसी हे त्याचं आडनाव नाही, ते एडिंबरोच्या दक्षिणेला साउथ एस्क नदीवर असलेल्या त्यांच्या किल्ल्याचं नाव. आडनाव रॅम्झी, आणि हे लोक स्कॉटलंडमधे बाराव्या शतकापासूनचे.

घराण्यातला सगळ्यात अंगावर येणारा किस्सा सर अलेक्झांडर रॅम्झीचा. राजाने टेव्हियटडेलचा कारभार याला दिला, तो विल्यम डग्लसला हवा होता, म्हणून डग्लसने १३४२ मधे याला पकडून हर्मिटेज किल्ल्याच्या तळघरात कोंडलं आणि अन्नपाणी तोडलं. सांगतात की वर धान्याचं कोठार होतं, फटीतून एकेक दाणा खाली गळायचा, ते वेचून खात तो काही दिवस तगला आणि मग गेलाच. अर्ल ही पदवी घराण्यात १६३३ साली आली.

आपल्या डलहौसीचे वडील जॉर्ज, नववे अर्ल, कॅनडाचे गव्हर्नर होते, नंतर हिंदुस्थानात सरसेनापती. आई क्रिश्चन ही कोल्स्टनच्या ब्राउन घराण्याची वारस, म्हणून आडनावात ब्राउन. त्या घरात एक जुनं सुकलेलं नासपतीचं फळ जपून ठेवलेलं, ते आहे तोवर घराची भरभराट असा समज.

जेम्स तिसरा मुलगा, पण थोरले दोघे भाऊ आधीच वारले म्हणून १८३८ ला अर्लपद याच्याकडे आलं, आणि १८४८ च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी तो गव्हर्नर जनरल झाला. त्याच एप्रिलमधे साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज वारले, त्यांनी शेवटी घेतलेला दत्तक नामंजूर करून छत्रपतींची गादी खालसा केली, १८५४ ला नागपूरकर भोसल्यांचंही तेच. रेल्वे, तारखातं, अर्ध्या आण्याचं टपाल हे सगळं त्याच्याच काळातलं, ते मान्यच. पण आपल्याकडे दत्तक म्हणजे पोटचाच मुलगा, त्याला वारस नाही म्हणणं हा उघड अन्याय होता.

त्याला स्वतःला मुलगा नव्हता. बायको लेडी सुझन १८५३ ला मायदेशी जाताना जहाजावरच गेली. पंजाब घेतल्यावर मिळालेली मार्क्विस पदवी त्याच्याबरोबरच संपली, अर्लपद मात्र चुलतभाऊ फॉक्स मॉलकडे गेलं, त्यालाही मूल नव्हतं तर १८७४ ला पुन्हा दुसऱ्या चुलत शाखेकडे, कुणी हरकत घेतली नाही.

मुली दोन, सुझन आणि एडिथ. एडिथचं लग्न १८५९ ला सर जेम्स फर्ग्युसनशी झालं, हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला नाव याचंच. म्हणजे कॉलेज ज्याच्या नावाचं तो डलहौसीचा जावई. एडिथने मात्र मुंबईची गव्हर्नरी पाहिली नाही, ती १८७१ मधेच अ‍ॅडलेडला वारली.