बादलीनं घेतलेलं फोल्डरचं सोंग

संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली, हा आकडा एक तर वाढतो, नाही तर तिथंच थांबतो. आमचा मागे गेला. रात्री नऊला 412 होता, नऊ वाजून दहा मिनिटांनी 398. चौदा माणसं येऊन गेली होती, ती न आल्यासारखी झाली.

संकेतस्थळ अगदी साधं. गावातल्या हौशी नाट्यमंडळाचे स्कॅन केलेले जुने फोटो, आणि खाली भेटींचा आकडा. तो आकडा मी एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवत होतो. चूक माझीच होती, पण ती पकडायला दोन संध्याकाळी गेल्या. कारण ती फाइल ज्यात होती आणि ज्याला मी फोल्डर समजत होतो, ते फोल्डर नव्हतंच.

आमचं संकेतस्थळ गूगलच्या क्लाउड रन या सेवेवर चालतं. ही सेवा 2019 मध्ये आली. कंटेनर म्हणजे आपला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान बांधलेलं एक गाठोडं. ते क्लाउड रनच्या हवाली केलं, की सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. कुणी आलं नाही तर त्या गाठोड्याची एकही प्रत चालू नसते आणि गर्दी झाली तर आपोआप दोन, पाच, वीस प्रती उभ्या राहतात. याला सर्व्हरलेस म्हणतात. सर्व्हर असतातच, फक्त ते आपल्या डोक्याला ताप देत नाहीत.

यातली मेख साठवणुकीत आहे. अशी प्रत मंगल कार्यालयासारखी असते. मुहूर्ताला गजबजते, काम संपलं की झाडूनपुसून रिकामी. आपण लावलेलं तोरण दुसऱ्या दिवशी शोधायला जाऊ नये. क्लाउड रनमध्ये प्रोग्रॅमनं स्वतःच्या आवारात लिहिलेली फाइल डिस्कवर जातच नाही, ती मेमरीत राहते. प्रत बंद झाली की फाइलही गेली. शिवाय असल्या फाइली जास्त झाल्या तर मेमरी संपून प्रतच कोसळते, ते वेगळंच.

म्हणून कायमचं सामान बाहेर ठेवायचं. त्यासाठी ऑब्जेक्ट स्टोरेज असतं. अॅमेझॉननं 14 मार्च 2006 रोजी एसथ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली, तेव्हापासून ही कल्पना रुळली. गूगलचं क्लाउड स्टोरेज त्याच जातीचं. यातल्या साठवणीच्या एककाला बकेट म्हणतात, म्हणजे सरळ बादली. बादलीत ऑब्जेक्ट, म्हणजे एखादी अख्खी फाइल, टाकायचा, त्याला एक नाव द्यायचं, आणि हवा तेव्हा त्या नावानं परत मागायचा.

रेल्वे स्थानकावरच्या क्लोकरूमचा व्यवहार आठवा. बॅग दिली, पावती घेतली. पावती दाखवली की बॅग परत. पण खिडकीवरच्या माणसाला ‘आतला निळा शर्ट काढून पांढरा ठेवा’ असं सांगता येत नाही. अख्खी बॅग बाहेर घ्या, बदल करा, पुन्हा जमा करा. ऑब्जेक्ट स्टोरेज अगदी असंच वागतं. एकदा ठेवलेला ऑब्जेक्ट आतून बदलता येत नाही, त्याच्या जागी नवा ठेवावा लागतो. या अडेलपणामुळेच ते स्वस्त, अफाट आणि भरवशाचं होतं. अॅमेझॉन 99.999999999 टक्के टिकाऊपणाचा दावा करतं. नवाच्या आकड्यांची ही माळ कागदावर मांडली तर अर्थ असा निघतो: 1 कोटी ऑब्जेक्ट ठेवले, तर सरासरी 10,000 वर्षांत एखादा हरवेल.

फोल्डरसुद्धा तिथं नसतात. ‘नाटक/1987/फोटो12’ हे एकच लांबलचक नाव असतं आणि मधल्या तिरप्या रेघा ही निव्वळ अक्षरं. पडद्यावर फोल्डर दिसतात ते आपल्या समाधानासाठी. साध्या बकेटमध्ये 3,000 फोटोंच्या ‘फोल्डर’चं नाव बदललं, तर प्रत्येक फोटोची नव्या नावानं प्रत करून जुनी पुसावी लागते. मधेच वीज गेली तर अर्धे फोटो इकडे, अर्धे तिकडे.

आता अडचण अशी, की जगातले बहुतेक प्रोग्रॅम फाइल आणि फोल्डर या भाषेत बोलतात. उघड, वाच, शंभराव्या अक्षरापाशी जा, लिही, बंद कर. बकेटला कळते ती वेबची भाषा: हे दे, हे घे, यादी दाखव. दोघांमध्ये दुभाषी हवा.

हा दुभाषी लिनक्स या कार्यप्रणालीत बकेटच्याही आधी येऊन बसला होता. त्याचं नाव फ्यूज, आणि 2005 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये दाखल झाला. त्याआधी नवी फाइलप्रणाली बनवायची तर सहसा कर्नेलमध्येच हात घालावा लागे. फ्यूजनं सोय केली: फाइलविषयीची मागणी कर्नेलकडे आली, की तो ती एका साध्या प्रोग्रॅमकडे सरकवतो आणि तो देईल ते उत्तर मागणाऱ्याला पोचवतो. उत्तर कुठून आणलं याची चौकशी नाही. गूगलचा असा प्रोग्रॅम म्हणजे क्लाउड स्टोरेज फ्यूज. क्लाउड रनमध्ये 2024 पासून तो थेट जोडता येतो. बकेटचं नाव द्यायचं आणि कंटेनरमध्ये ती कोणत्या पत्त्यावर दिसावी ते सांगायचं. यालाच माउंट करणं म्हणतात. सेवेच्या खात्याला बकेट उघडायची परवानगी असली म्हणजे झालं.

वाचायच्या कामाला हे झकास आहे. फोटो, ध्वनिफिती, मशीन लर्निंगची जाडजूड मॉडेलं, जे एकदा लिहून शंभरदा वाचायचं ते सगळं इथं बिनधास्त ठेवावं. प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. फक्त बकेट आणि सेवा एकाच शहरात असाव्यात, म्हणजे सेवा मुंबईत आणि बकेट अमेरिकेत असा उद्योग करू नये. एकाच ठिकाणी असूनही प्रत्येक मागणीला दहा-वीस, कधी पन्नास मिलिसेकंद जातात. लॅपटॉपमधल्या एसएसडीचं, म्हणजे आतल्या वेगवान डिस्कचं, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. प्रत्येकीला 50 मिलिसेकंद धरले, तर एकामागोमाग 1,000 चिमुकल्या फाइली वाचायला 50 सेकंद लागतील. मोठी फाइल एकदम वाचा, दुभाषी खूश असतो.

सोंग उघडं पडतं ते लिहिताना. 200 एमबीच्या फाइलच्या मधोमध एक अक्षर दुरुस्त केलं, तर दुभाषी अख्खी फाइल खाली आणतो, अक्षर बदलतो आणि अख्खी फाइल परत चढवतो. एसक्यूलाइटसारखा डेटाबेस 4,096 बाइटांच्या पानांत काम करतो, एक पान बदलून पुढं जातो. त्याला या फोल्डरात बसवणं म्हणजे क्लोकरूमच्या खिडकीत उभं राहून संसार करण्यासारखं आहे. त्यात त्याला फाइलवर कुलूप लावायचं असतं, आणि बकेटवर असं कुलूपच नाही. वर आणखी एक अट: एकाच नावाचा ऑब्जेक्ट गूगलच्या बकेटमध्ये सेकंदाला साधारण एकदाच बदलता येतो. त्यामुळे लॉगची, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीची, प्रत्येक ओळ इथं लिहायची ही कल्पनाही बाद.

आमच्या आकड्याची फाइल अशाच माउंट केलेल्या बकेटमध्ये होती, आणि दोन प्रती ती एकमेकींना न विचारता लिहीत होत्या. म्हणून आकडा मागे गेला. त्या संध्याकाळी मंडळाच्या गटावर कुणीतरी दुवा टाकला, गर्दी झाली आणि क्लाउड रननं दुसरी प्रत उभी केली. तिनं उठताक्षणी फाइल वाचली: 397. तो आकडा तिनं स्वतःच्या मेमरीत धरून ठेवला. पुढचे पंधरा पाहुणे पहिल्या प्रतीकडे गेले, फाइल 412 झाली. मग एक पाहुणा दुसरीकडे आला. तिनं आपल्या मनातल्या 397 मध्ये एक मिळवला आणि इमानदारीनं 398 लिहिलं. दोघींनी एकाच क्षणी लिहिलं असतं, तरी टिकलं एकीचंच असतं. दुसरीचं लिखाण कधी चूक झाल्याचा संदेश देऊन, कधी बिनबोभाट गेलं असतं.

अॅमेझॉननं 2023 मध्ये आणलेल्या माउंटपॉइंट या दुभाषानं या बाबतीत निराळा बाणा घेतला आहे. बकेटला जे नीट जमत नाही, ते तो करतच नाही. असलेल्या फाइलच्या मधे काही लिहायला जा, फोल्डरचं नाव बदलायला जा, तो तोंडावर नाही म्हणतो. मला हा उद्धटपणा आवडतो. गोड बोलून हो म्हणणारा दुभाषी नंतर महागात पडतो.

आकडा मी डेटाबेसमध्ये हलवला आणि बकेट ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून जोडली. क्लाउड रनमध्ये तशी सोय आहे. वाटलं, आता कोणी लिहिणारच नाही. पहिलाच फोटो उघडला आणि संकेतस्थळ कोसळलं: ‘इथं लिहिता येत नाही.’ फोटो लहान करून दाखवणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मूळ फोटोशेजारी एक तात्पुरती फाइल बनवत होती, काम झाल्यावर पुसत होती. दर फोटोला, दर पाहुण्याला. गेले आठ महिने.